सटवाईचं पेन

मे महिना उजाडला की आमच्याकडे गिझरचं बटण बंद होतं. गिझर बंद ठेवायचा आणि आंघोळीला त्यातलंच पाणी घ्यायचं, कारण गार पाणी म्हणून जो नळ आहे त्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी येतं, आणि ते इतकं तापलेलं की त्यात सरळ चहा टाकावा. शारजात नव्याने आलेल्या माणसाला हे सांगितलं की तो खुळ्यासारखा बघत राहतो. काल ते बटण बंद करून मी बाथरूममधून बाहेर आले, तर शेजारच्या फ्लॅटमधून पोरीच्या घोकंपट्टीचा आवाज येत होता. परीक्षा जवळ आल्या. आमच्या इमारतीच्या भिंती पातळ, त्यामुळे दरवर्षी कुणाची ना कुणाची केमिस्ट्री आम्हालाही पाठ होते.

पण दोन हजार एक सालच्या मे महिन्यात भिंतीपलीकडच्या लोकांना जे ऐकावं लागलं ते केमिस्ट्री नव्हतं. ते लॅटिन होतं.

हो, लॅटिन. शारजाच्या अल नहदा भागात, चौथ्या मजल्यावर, तासगावच्या सुनेच्या हॉलमध्ये, सोफ्यावर मांडी घालून माझी लेक दोन हजार वर्षांपूर्वीचं महाकाव्य मोठमोठ्याने म्हणायची. गर्वाचं घर खाली असतं म्हणतात. आमचं चौथ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट बंद होती, पण गर्व होता तो होताच. मंडळाच्या चैत्रातल्या हळदीकुंकवाला मी कुणी विचारलं नसताना सांगायची, "आमची केतकी लॅटिन करतेय." एक बाई म्हणाल्या, "अय्या, म्हणजे तो कमरेचा डान्स ना? छान हो, व्यायामही होतो." मी कैरीच्या डाळीचा घास तोंडात टाकला. सगळ्यांना सगळं सांगत बसायला मला वेळ नव्हता.

केतकीला लॅटिन कसं लागलं, तर बसमुळे. तिची शाळा दुबईत, इंग्रजी पद्धतीची. संध्याकाळी शारजाच्या मुलांची बस नेहमी उशिरा सुटायची. तेवढ्या वेळात मिसेस प्रायर नावाच्या एक उंच, हाडकुळ्या, पांढऱ्या केसांच्या इंग्रज बाई रिकाम्या वर्गात दोन-तीन मुलांना हौसेने लॅटिन शिकवायच्या. त्या वर्गाचा एसी सगळ्यांत चांगला होता. केतकी एसीसाठी आत जाऊन बसली आणि महाकाव्य घेऊन बाहेर आली. पुढे तोच तिचा मुख्य विषय झाला, आणि त्या वर्षी इंग्लंडातल्या एका विद्यापीठाने तिला जागा दिली. पण आम्हाला तिथली फी झेपणं शक्यच नव्हतं. परदेशी विद्यार्थ्यांसाठी एकच पूर्ण शिष्यवृत्ती होती, आणि तिची मुलाखत फोनवर होणार होती, मेच्या शेवटी, परीक्षेच्या पेपरांच्या मधल्या एका दुपारी. ती मिळाली तर इंग्लंड. नाही मिळाली तर पुण्यात मावशीकडे राहून बीकॉम, आणि लॅटिनला राम राम. केतकी नखं कुरतडायला लागली होती.

त्याच मोसमात अण्णा आमच्याकडे आले होते. अण्णा म्हणजे माझे सासरे. सगळी नोकरी एसटीत केली, शेवटची कित्येक वर्षं तासगाव डेपोत वाहतूक नियंत्रक. म्हणजे फलाटाशेजारच्या खोलीत बसून माइकवरून गाड्या पुकारायच्या आणि वेळ झाली की शिट्टी मारून गाडी सोडायची. निवृत्त होऊन जमाना झाला तरी आवाज तसाच. मीठ मागितलं तरी फलाटावर ऐकू जाईल. सासूबाई आदल्या हिवाळ्यात गेल्या. तार नाही, फोनच आला, पण सुहासला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, विमानात जागा मिळेपर्यंत दुसरा दिवस उजाडला आणि तो पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. आईचं शेवटचं दर्शनही त्याला झालं नाही. दोन महिन्यांनी जाऊन अण्णांना घेऊन आला. सोबत एक ट्रंक, आणि पाच किलो बेदाणे.

आता लिफ्टचं ऐका. अण्णा आले आणि आठवड्याभरात लिफ्टची मोटार जळाली. आमच्या इमारतीचा नातूर, म्हणजे वॉचमन, पेशावरकडचा रहीमभाई. त्याला रोज विचारलं की रोज तेच उत्तर, "पार्ट आ रहा है भाभी, इन्शाल्ला." हे इन्शाल्ला कसं म्हटलंय त्यावरून पार्ट किती लांब आहे ते कळतं. अण्णांचे गुडघे कामातून गेलेले. पण त्यांना घरात कोंडून घेणं मान्य नव्हतं. एसीच्या गार हवेत बसलेला माणूस म्हणजे बर्फातला मासा, असं त्यांचं मत. त्यांना रोज संध्याकाळी वाहनं बघायला लागायची. आमच्या समोरच शारजा-दुबईचा रस्ता, संध्याकाळी नुसता मुंगीच्या पावलाने सरकणारा. ते बघत बसायचं आणि मान हलवत म्हणायचं, "सगळा डेपो बेशिस्त. एकाही गाडीला वेळापत्रक नाही."

मग त्यांना खाली कसं न्यायचं? तर सुहास पाठीवरून न्यायचा. सुहासची नोकरी रास अल खैमाला, टाइल्सच्या कारखान्यात. भल्या पहाटे निघायचा, भट्टीच्या धगीत दिवस काढायचा, आणि संध्याकाळी घामाने पांढऱ्या पडलेल्या शर्टात चार मजले चढून वर यायचा. पाणी प्यायचा. मग सोफ्यापुढे पाठ करून खाली बसायचा आणि म्हणायचा, "या, बसा." अण्णा त्याच्या गळ्यात हात टाकायचे. मी चपला घेऊन मागे, केतकी पाण्याची बाटली आणि तिचं लॅटिनचं जाडजूड पुस्तक घेऊन पुढे. पहिल्या दिवशी मी त्याला अडवलं होतं. "अरे, कंबर मोडून घेशील," मी म्हणाले. तो म्हणाला, "मग तू घे." मी चपला उचलल्या. जिन्यात भेटणारे मल्याळी, पंजाबी, इजिप्शियन शेजारी बाजूला होऊन वाट द्यायचे. एक इजिप्शियन बाई तर रोज काहीतरी पुटपुटून छातीवर हात ठेवायची. सुहासला त्याची लाज वाटायची आणि अण्णांना मजा.

खाली मोकळ्या वाळूच्या प्लॉटमध्ये रहीमभाई प्लास्टिकची खुर्ची मांडून ठेवायचा. रस्त्याकडेच्या खजुरांवर घड धरायला लागलेले असायचे आणि पालिकेची माणसं त्यांना जाळ्या बांधत असायची. घाम पाठीवरून ओघळतोय, चष्म्यावर वाफ धरतेय, आणि माझी लेक आजोबांना तोडक्यामोडक्या मराठीत लॅटिन महाकाव्य सांगतेय. हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. त्या काव्याचं नाव मी इथे घेत नाही. केतकीने मला ते दहा वेळा शिकवलं आणि दहाही वेळा म्हणाली, "आई, प्लीज, राहू दे."

गोष्ट मात्र मला पाठ आहे. एक शहर पेटलंय. नायकाला देवांचा हुकूम होतो, पळ, तुझ्या नशिबात दुसरीकडे जाऊन नवं शहर वसवणं आहे. तो म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेतो, पोराचा हात धरतो, आणि निघतो. बायको मागून येत असते, ती अंधारात चुकते ती चुकतेच.

"थांब," अण्णा म्हणाले. "बायकोला मागे का ठेवलं?"

"आय डोन्ट नो, आजोबा. मिसेस प्रायर सेज की तिचं न येणं फेटमध्ये होतं."

"फेट म्हणजे?"

"नशीब," मी मध्ये तोंड घातलं. "सटवाईने लिहिलेलं."

अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, झालं, आता तो जुना विषय निघणार. आणि निघालाच.

आमच्या घरात सटवाई हा नाजूक विषय होता. केतकीचा जन्म शारजातलाच. बाळाच्या पाचवीला रात्री सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहून जाते, म्हणून कोरा कागद आणि लेखणी मांडून ठेवायची, ही आपली रीत. घरात मोठं माणूस कुणी नाही. सासूबाईंनी तासगावच्या पोस्टातून ट्रंककॉल लावून सुहासला सगळं सांगितलं होतं. पाटा-वरवंटा नव्हता म्हणून आम्ही मिक्सरचं भांडं पुजलं. दिवा लावला, हळदकुंकू वाहिलं, कागद ठेवला, आणि सुहासने खिशातलं ऑफिसचं पेन काढून त्यावर ठेवलं. सकाळी बघितलं तर पेनाला टोपण तसंच. माझा नवरा इंजिनिअर. शाई वाळू नये म्हणून टोपण लावून ठेवायचं, हे त्याच्या अंगात भिनलेलं. आम्ही दोघं पोट धरधरून हसलो. पुढे गावी गेल्यावर त्याने हौसेने हा किस्सा सगळ्यांना सांगितला. हात दाखवून अवलक्षण! सासूबाई मटकन खाली बसल्या. "अरे मेल्या, टोपण लावलेल्या पेनाने सटवाई लिहिणार कशाने? पोरीचं कपाळ कोरं राहिलं की!" त्या दिवसापासून केतकीला गोवर आला, दात किडला, गणितात कमी मार्क पडले, की तासगावहून एकच उत्तर यायचं. टोपण.

आणि आता अण्णांनी तेच काढलं. "हिचं तर लिहिलेलंच नाही. त्या मुलाखतीत काय होणार, कुणाला ठाऊक?" केतकी खदखदून हसली. मी नाही हसले. हसण्यावारी नेलं तरी आत कुठेतरी ते टोचायचं, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळमागून संध्याकाळ गोष्ट पुढे सरकत होती. नायकाची जहाजं वादळात सापडतात, कारण एका देवीचा त्याच्यावर राग आहे. तिला पक्कं माहीत असतं की नशीब तिला बदलता येणार नाही. तरी ती समुद्र खवळवते, माणसं भडकवते, युद्ध लावते. केतकी सांगायची, "शी कॅनॉट स्टॉप इट, आजोबा. शी कॅन ओन्ली डिले इट."

अण्णा मांडीवर थाप मारून म्हणाले, "बरोबर! गाडी लेट करता येते. रद्द करता येत नाही. मी तेच करत आलो की आयुष्यभर."

त्यांनी त्या सबंध काव्याचा डेपो करून टाकला. नशीब म्हणजे वेळापत्रक. ते मुंबईला ठरतं, साहेब लोक ठरवतात, तासगावच्या माणसाला त्यात काही विचारत नाहीत. देव म्हणजे अधिकारी, त्यांचं आपसात पटत नाही. आणि नायक म्हणजे ड्रायव्हर. त्याला घरी जायचं असलं तरी ड्युटी लागली की निघायला लागतं. केतकीने हे सगळं वहीत उतरवलं नाही, पण एकदा रहीमभाईला हिंदीत समजावून सांगताना मी ऐकलं. दुसरं एक लॅटिन महाकाव्यही तिने सांगितलं. त्यात देव जवळजवळ नाहीतच, नुसतं दैव फिरत राहतं, आणि सासरा नि जावई एकमेकांशी लढतात. अण्णा म्हणाले, "सासरा-जावयाच्या भांडणात कुठला देव पडेल? शहाणे आहेत ते."

मग राणीची संध्याकाळ आली. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची राणी. ती या घरदार गमावलेल्या माणसाला आसरा देते, त्याच्यावर जीव लावते. त्याचाही लागतो. पण देवांचा निरोप येतो की पुरे, चालू लाग. तो आतल्या आत तुटतो आणि जहाजं हाकारतो. राणी चिता रचते. केतकी सांगता सांगता रडायला लागली. सतरा-अठरा वर्षांची पोर, परीक्षेचं पुस्तक मांडीवर, आणि डोळ्यांतून धारा. मी म्हणाले, "अगं, दोन हजार वर्षांपूर्वी मेली ती. रडू नकोस."

अण्णा माझ्यावर करवादले. "रडू दे की! सूनबाई, मी जन्मभर गाड्या सोडल्या. प्रत्येक गाडीला कुणीतरी रडतंच. सासरी जाणारी रडते, पलटणीत जाणाऱ्याची आई रडते. मी एकदाही गाडी थांबवली नाही. पण रडणाऱ्याला 'रडू नका' असंही कधी म्हटलं नाही. गाडी सोडणं माझं काम. रडणं त्यांचं."

"पण आजोबा, मग रडून युज काय? गाडी तर जाणारच."

"रडून गाडी थांबत नाही. पण कोण गेलं ते कळतं."

केतकीने डोळे पुसले. सुहास इतका वेळ रस्त्याकडे बघत उभा होता. तो म्हणाला, "मी पाणी घेऊन येतो," आणि भरलेली बाटली तिथेच ठेवून ग्रोसरीच्या दुकानाकडे चालू पडला. अण्णा त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिले. पुढे पाताळात नायकाला ती राणी भेटते, तो रडून तिची क्षमा मागतो आणि ती एक शब्द न बोलता तोंड फिरवून निघून जाते, हे केतकीने सांगितलं तेव्हा अण्णा एवढंच म्हणाले, "आई तसं करणार नाही. बायको करेल. आई नाही." सुहास तेव्हा परत आला होता. त्याने ऐकलं. त्या दिवशी वर जाताना त्याने अण्णांना उचललं आणि पहिल्या मजल्यावर नेहमी थांबायचा तो थांबलाच नाही.

मुलाखतीचा दिवस उजाडला. दुपारी फोन येणार होता. सुहासने सुट्टी काढली आणि केतकीनेच त्याला हाकललं, "बाबा, यू मेक मी नर्व्हस." मी हमरिया फ्री झोनमधल्या माझ्या ऑफिसला खोटीच पोटदुखी कळवली. एसी घरघरतो म्हणून बंद केला. कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून गॅस बंद केला. अण्णांना आतल्या खोलीत नेणार होते, पण ते सोफ्यावरून हलेनात. धोतर, पांढरा सदरा, काळी टोपी असे मुलाखत त्यांचीच असल्यासारखे ताठ बसून राहिले. आणि फोनच्या तिपाईवर त्यांनी काय मांडलं असेल? एक कोरा कागद आणि एक पेन. टोपण काढलेलं. टोपण त्यांनी स्वतःच्या मुठीत ठेवलं होतं.

"आजोबा, रिअली?" केतकी म्हणाली.

"तू तुझं काम कर. मी माझं करतो."

फोन वाजला. पलीकडे तिघं होते. केतकी उभी राहून बोलत होती, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात ते पेन. मी स्वयंपाकघराच्या दारात. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं, पण केतकी प्रश्न ऐकून कागदावर उतरवत होती, तशी मिसेस प्रायरची शिकवणच होती. सुरुवात बरी झाली. मध्ये तिने फोन खांद्याशी धरून कसल्याशा नादात रिकामा हात पुढे केला आणि अण्णांनीही नादातच मुठीतलं टोपण तिला देऊन टाकलं. तिने ते पेनाला लावलं. अगदी बापासारखं. शाई वाळू नये म्हणून.

आणि ती अडली.

प्रश्न काय होता ते तिने नंतर सांगितलं. या काव्यात नशीब पहिल्याच पानावर जिंकलेलं आहे. नायक शहर वसवणार हे ठरलेलं आहे. मग माणसांच्या भावनांना करण्यासारखं उरतं काय? इतका सोपा प्रश्न. आणि माझ्या पोरीच्या तोंडून शब्द फुटेना. घामाचा थेंब तिच्या हनुवटीवरून खाली पडलेला मला दिसला. फोनमधून कुणीतरी बारीक आवाजात हॅलो हॅलो म्हणत होतं. मी देवाचं नाव घ्यायला लागले, तर नेमका कुठलाच देव आठवेना.

अण्णांना इंग्रजी येत नाही. त्यांना प्रश्न कळला नव्हता. पण त्यांना पोरीच्या हातातलं पेन दिसत होतं. त्यांनी दोन्ही हात वर केले, एका हाताने दुसऱ्या हाताचं बोट पकडलं आणि टोपण काढतात तसा झटका दिला. डोळे एवढे मोठे केले होते की बस. टोपण, बये, टोपण!

केतकीने पेनाकडे बघितलं आणि तिला हसू फुटलं. साधंसुधं नाही, फोनमध्येच खो खो. मी कपाळावर हात मारला. गेली शिष्यवृत्ती. पलीकडून काहीतरी विचारलं असावं, कारण ती सॉरी सॉरी म्हणत सांगायला लागली. तिने सगळंच सांगितलं. पाचवीची रात्र, येऊन लिहून जाणारी देवी, बाबांचं ऑफिसचं पेन, आणि समोर बसून खुणा करणारे आजोबा. आता पलीकडचे हसले, ते मला दारापर्यंत ऐकू आलं.

मग तिचा आवाज बदलला. ती म्हणाली, ते मी माझ्या मराठीत सांगते. "आमच्या इमारतीची लिफ्ट बंद आहे. माझे बाबा रोज कामावरून येऊन आजोबांना पाठीवरून खाली नेतात. बाबा इथे नोकरीसाठी आले, ते त्यांच्या नशिबात असेल. लिफ्ट बंद पडणंही असेल. पण पाठीवर घेणं कुणी लिहिलेलं नाही. तुमच्या काव्यात देव नायकाला सांगतात, शहर सोड. पण बापाला खांद्यावर घे, हे त्याचं त्यालाच वाटलं. त्याने एकट्याने पळून जाऊन शहर वसवलं असतं तरी नशीब खरंच झालं असतं. मग आपण ते वाचलं नसतं." आणि मग ती आणखी बरंच बोलली, त्या चिडलेल्या देवीबद्दल, राणीबद्दल, आणि शेवटी नायक हरलेल्या शत्रूला सोडायला निघालेला असताना मित्राची आठवण होऊन संतापाने त्याला मारतो त्याबद्दल. नशिबाला त्या खुनाची गरज नव्हती, ती म्हणाली, म्हणजे तोही त्याचाच, आणि खांद्यावर घेणंही त्याचंच. मी दारात उभी राहून रडत होते. पदराने डोळे पुसले तर पदर आधीच घामाने ओला.

फोन ठेवल्यावर ती मटकन सोफ्यावर बसली. अण्णांनी तिपाईवरचा कागद उचलला, चष्मा लावला. इंग्रजीत प्रश्न, बाण, रेघा, कसलीशी फुलं. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला.

"लिहिलं का सटवाईने?" मी विचारलं.

"अक्षर केतकीचं आहे," ते म्हणाले. "पण भरलाय कागद. चालेल."

जूनच्या अखेरीस बातमी आली. शिष्यवृत्ती मिळाली. मी मंडळातल्या सगळ्या बायकांना फोन केले, डान्सवाल्या बाईंना सगळ्यांत आधी. रहीमभाईने आमच्याकडचे पेढे खाल्ले आणि उरलेले आमच्या मजल्यावर नेऊन सगळ्यांना वाटले. त्या इजिप्शियन बाईने वाटीभर खजूर पाठवले, अर्धे कच्चे, पिवळे, करकरीत. जुलैत लिफ्टची मोटार आली. पहिल्या संध्याकाळी अण्णा लिफ्टने खाली गेले आणि सुहास जिन्याने, रिकाम्या पाठीने, काहीतरी विसरल्यासारखा. दुसऱ्या दिवशी अण्णांनी जाहीर केलं की लिफ्टमध्ये त्यांना गुदमरतं. मग पाठीवरची ती वरात तशीच चालू राहिली.

आज केतकी तिकडेच शिकवते. तेच काव्य. दरवर्षी नव्या मुलांपुढे उभं राहून ती म्हणे पहिल्या तासाला पेनाचं टोपण काढते आणि डेपोची गोष्ट सांगते. तासगावचा डेपो तिथल्या गोऱ्या पोरांना ठाऊक आहे. कुणी म्हणेल, बाई, आता तरी मिरवणं बंद कर. कशाला करू? अण्णा असते तर त्यांनीही केलं नसतं.

त्या वर्षी सप्टेंबरमध्ये ती निघाली तेव्हा दुबईच्या विमानतळावर आम्ही सगळे होतो. अण्णांसाठी व्हीलचेअर घेतली होती. दोनच दिवसांनी त्यांनाही मुंबईमार्गे तासगावला परतायचं होतं. पुन्हा भेट कधी, कुणी विचारलं नाही. केतकी आत जायच्या रांगेपर्यंत शहाण्यासारखी वागली आणि मग तिला रडू फुटलं. सुहासच्या तोंडून निघालंच, "रडू नको गं..." अण्णांनी हात वर करून त्याला थांबवलं. खुर्चीत सरसावून बसले, घसा खाकरला, आणि तोच आवाज काढला. दुबईच्या त्या गुळगुळीत, कुजबुजत्या विमानतळावर!

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. तासगावहून शारजामार्गे इंग्लंडला जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे."

माणसं वळून वळून बघायला लागली. एक पोलीस दोन पावलं पुढे आला. आणि केतकी रांग मोडून धावत परत आली, ट्रॉली तशीच टाकून. अण्णांच्या खुर्चीपुढे आली, पाठ केली, आणि गुडघे मोडून खाली बसली. रोज संध्याकाळी सुहास बसायचा तशी. हात मागे पसरून.

"या, बसा," ती म्हणाली.

अण्णांनी दोन्ही हात तिच्या खांद्यांवर ठेवले. मला वाटलं, खरंच बसतात की काय. मग त्यांनी तिच्या पाठीत एक धपका घातला.

"ऊठ, वेडे. मला नाही न्यायचं. मी गाडी सोडायला आलोय."

ती उठली. अण्णांनी दोन बोटं तोंडात घातली आणि डेपोतली शिट्टी मारली.